समोर बसायला शिकताना

अंबरनाथ (पूर्व)

चि. सोनूस,


तू विचारलंस ते मोबाइलवरच्या चार ओळींत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहायला बसले. समुपदेशनात एमए करायचं हे तू पक्कं केलं आहेस, त्याचा मला फार आनंद झाला. दादाला वाटतं बी.एड. करावं, म्हणजे शाळेत नोकरी तरी लागेल. वहिनीला बदलापूर ते मुंबई या रोजच्या गर्दीची धास्ती आहे. दोघांचंही मला कळतं. पण कॉलेजांची यादी पाठवलीस, तिच्यात प्रत्येक नावापुढे तू फी, अंतर आणि प्रवेशपरीक्षा एवढंच लिहिलंस. खरी निवड ज्यावर व्हायला हवी ते राहूनच गेलं. त्या दोन वर्षांत तुला खऱ्या माणसांसमोर किती वेळ बसायला मिळेल, आणि त्या वेळी तुझ्या कामावर कोण नजर ठेवेल, हे आधी बघ. बाकी सगळं त्यानंतर.

असं का, ते सांगते. समुपदेशनाची पुस्तकं तू घरी वाचू शकतेस, आणि वाचशीलही. कार्ल रॉजर्स काय म्हणाले, अल्बर्ट एलिस काय म्हणाले, हे परीक्षेत लिहिता येईल. पण वहिनीने तुला भाकरी शिकवली तेव्हा ती शेजारी उभी राहून ‘पाणी जास्त झालं’, ‘आता उलट’ असं म्हणत होती, म्हणून तुला ती आली. इथेही तेच आहे. शिकाऊ मुलगी क्लायंटबरोबर पाऊण तास बसते. नंतर आठवेल तेवढं संभाषण शब्दशः लिहून काढते, किंवा क्लायंटची परवानगी असेल तर ध्वनिमुद्रण करते. मग अनुभवी माणूस ते तिच्याबरोबर ओळ न् ओळ वाचतो आणि थांबवत जातो. ती रडायला लागल्यावर तू लगेच विषय का बदललास? नवऱ्याची बाजू तू का मांडलीस? इथे तुला राग आला होता का? या बैठकीला आपल्याकडे सुपरव्हिजन म्हणतात, आणि या व्यवसायाचं शिक्षण मुख्यतः तिथे होतं.

एक प्रसंग घे, जो तुझ्यासमोर लवकरच येणार आहे. अकरावीतला मुलगा मान खाली घालून म्हणतो, ‘मला आता काही नकोच वाटतं.’ न शिकलेलं माणूस काय करतं? ‘असं बोलू नये, आईबाबांचा विचार कर’ म्हणतं. त्यात प्रेमच असतं, पण मुलगा तिथेच बंद होतो. शिकलेली समुपदेशक त्याला सरळ विचारते, ‘मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा समज चुकीचा आहे. उलट, कोणीतरी नीट विचारलं म्हणून बहुतेकांना हायसं वाटतं. पुढे काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, आज रात्री सोबत कोण असेल, हे शांतपणे विचारायचं, घरच्यांना सांगण्याबद्दल त्याच्याशी बोलायचं, आणि त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. हे वाक्य पहिल्यांदा उच्चारताना आवाज कापतो. तो कापू नये म्हणून आधी वर्गात, मग कोणाच्या तरी देखरेखीखाली ते पुन्हा पुन्हा उच्चारावं लागतं.

म्हणून विभागात जाऊन प्राध्यापकांना भेट आणि न लाजता विचार. दोन वर्षांत प्रत्यक्ष कामाचे तास किती? विद्यार्थी कुठे पाठवता: शाळेत, रुग्णालयात, संस्थेत, की नुसतं निरीक्षण करायला? एका सुपरव्हायझरकडे किती मुली? बैठक दर आठवड्याला होते की सेमिस्टरच्या शेवटी एकदाच? शिकवणाऱ्यांपैकी आजही कोण स्वतः क्लायंट पाहतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सर्वांत मोलाचं वाटतं. मग दुसऱ्या वर्षाच्या मुलींना कँटीनमध्ये गाठ. त्या खरं सांगतील.

संस्थांबद्दल. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्राचा विभाग आहे, चर्चगेटला एसएनडीटी आहे, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. टाटा संस्थेची सुरुवात १९३६ मध्ये समाजकार्याची शाळा म्हणून झाली, आणि तिचा तो स्वभाव टिकला आहे. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आयुक्तालयात छळ सोसणाऱ्या बायकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला तो याच संस्थेच्या पुढाकाराने, आणि पुढे राज्यभर असे कक्ष उभे राहिले. २०१२ पासून संस्थेची ‘आयकॉल’ ही फोनवरून समुपदेशन देणारी सेवा चालते. जी संस्था स्वतः काम करते, तिथे विद्यार्थ्याला काम दिसतं. बदलापूरहून देवनारला जायचं तर कुर्ल्याला हार्बर गाठून गोवंडीला उतरावं लागेल, हे खरं आहे. वसतिगृह मिळालं तर घे. नाही मिळालं तरी दोन वर्षं निभतील, वहिनीला माझं नाव सांग.

ठाण्याकडेही दुर्लक्ष करू नकोस. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, आणि ठाणे बरोबर अर्ध्यावर. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये तिथे आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. मराठी घरांत ‘मनाचा डॉक्टर’ हा शब्द कुजबुजीतून बाहेर काढण्याचं फार मोठं काम तिने केलं आहे. पदवी विद्यापीठाची घे, पण सुट्ट्यांमध्ये अशा ठिकाणी जाऊन बसता येईल का, ते विचार. आणि ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, १९०१ पासूनचं. तिथल्या वॉर्डात काही आठवडे काढल्याशिवाय समुपदेशक होऊ नये असं माझं मत आहे. तू औषधं देणार नाहीस, कुणाचं निदान लिहिणार नाहीस. तरी आवाज ऐकू येणारं माणूस कसं बोलतं, चार रात्री न झोपता उत्साहाने फुललेलं माणूस कसं दिसतं, दारू अचानक सोडल्यावर हात कसे थरथरतात, हे डोळ्यांनी पाहिलेलं नसेल तर तू त्याला दहा सेशन्स गप्पांमध्ये घालवशील आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला त्याला उशीर होईल. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. त्यातले कितीतरी आधी तुझ्याकडेच येणार, कारण समुपदेशकाची पायरी चढणं त्यांना सोपं वाटतं. कुणाला पुढे पाठवायचं हे ओळखणं म्हणजे अर्धं काम आहे.

घरबसल्या एमए करावं का, असंही तू विचारलंस. आपल्या भागातल्या कितीतरी बायकांनी नोकरी, मुलं, सासरचं सगळं सांभाळून मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्राचं एमए केलं, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तुझ्यासाठी तो रस्ता बंद झाला आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवू नये, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने संस्थांना कळवलं. आरोग्याशी निगडित व्यवसायांसाठी २०२१ चा जो राष्ट्रीय कायदा झाला, त्याच्या कक्षेत मानसशास्त्रही येतं म्हणून. ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यावर हा घाव आहे आणि त्यांच्यासाठी सरकारने काहीतरी सोय करायलाच हवी. तरीही, माणसासमोर बसायची विद्या पडद्यावरून पुरती शिकता येत नाही, हे मला पटतं. तेव्हा ‘सहा शनिवार-रविवारांत समुपदेशक व्हा’ अशी जाहिरात दिसली तर पैसे घालवू नकोस. असे अभ्यासक्रम एमएनंतर एखादी पद्धत शिकायला बरे. पायाच त्यांचा घालता येत नाही.

पाटीवर काय लिहायचं, हेही आत्ताच समजून घे, कारण गोंधळ इथेच होतो. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे बिरुद कुणीही लावायचं नसतं. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं शिक्षण आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. आजवर तो रस्ता एमएनंतरच्या दोन वर्षांच्या एम.फिल.मधून जात आला, निम्हान्ससारख्या ठिकाणी. आता ते एम.फिल. बंद होऊन नवे अभ्यासक्रम येत आहेत, म्हणून त्या वाटेने जायचं मनात आलं तर परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त यादीच बघ, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. समुपदेशन मानसशास्त्रात एमए केलेली व्यक्ती समुपदेशक असते, आणि ते काही कमी नाही. कुणाचा सल्ला असेल की चार वर्षांची पदवी पूर्ण कर म्हणजे एमए एका वर्षात उरकेल. नियमात ते बसतं. पण तुला दोन वर्षांचं मिळत असेल तर दोन वर्षंच घे. पहिलं वर्ष धीट व्हायलाच जातं.

आता उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तीन गावांबद्दल, कारण शिकून तू इथेच काम करावंस असं मला मनापासून वाटतं. मुंबईत समुपदेशक कमी नाहीत. कल्याणच्या पुढे मात्र शोधावे लागतात.

उल्हासनगरचंच बघ. तुझं कॉलेज तिथे, म्हणून तुला ते ओळखीचं वाटतं. एमएला तुला क्लायंटच्या तीन पिढ्यांचा कुटुंबवृक्ष काढायला शिकवतील: कोण कुणाच्या जवळ, कोण कुणाशी अबोला धरून, कोण अकाली गेलं. उल्हासनगरच्या सिंधी घराचा वृक्ष काढलास की सर्वांत वरच्या ओळीत सिंधमधलं घर आणि दुकान सोडून लष्करी छावणीच्या बराकीत उतरलेली माणसं येतात. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. पण गावाचे भाग अजून कॅम्प एक ते पाच याच नावांनी ओळखले जातात. ज्यांनी सगळं गमावून पुन्हा उभं केलं, त्यांच्या घरात धंदा म्हणजे नुसता पैसा नसतो. विशीतला मुलगा ‘मला दुकानात बसायचं नाही’ म्हणतो तेव्हा घर एवढं का हादरतं, हे वरची ओळ पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि फी देणारे काका दुसऱ्या दिवशी फोन करून विचारणार, ‘पोरगा काय म्हणाला?’ सांगायचं नाही. किती गुप्त राहील आणि कशाला अपवाद आहे, हे पहिल्या भेटीत सगळ्यांसमोर बोलून घ्यायचं, म्हणजे नंतर कुणाला अपमान वाटत नाही.

अंबरनाथला ऑर्डनन्सच्या वसाहतीतून निवृत्त झालेले येतील, ज्यांना सकाळच्या भोंग्याशिवाय दिवस कसा काढावा ते कळत नाही. एमआयडीसीत कंत्राटावर राबणारे येतील. बदलापुरात हप्त्यावर घर घेतलेली जोडपी येतील. दोघंही पहाटे गाडी पकडतात आणि रात्री परततात, एकमेकांशी बोलतात ते रविवारी, तेही भांडायला. ‘आमचं पटत नाही’ म्हणून ती येतात, आणि चौकशी केल्यावर दिसतं की त्यांना झोपच मिळत नाही. प्रत्येक दुःखाचं मूळ बालपणात शोधायची घाई करू नकोस. काही वेळा ते वेळापत्रकात असतं. आजूबाजूच्या गावांतून आगरी बोलणाऱ्या आज्या येतील, ठाकूर-कातकरी पाड्यांतून कुणी येईल. ‘डिप्रेशन’ त्यातलं कुणी म्हणणार नाही. छातीत धडधडतं, डोकं जड होतं, अंगात येतं, असं म्हणतील. तुझी पाठ्यपुस्तकं इंग्रजीत असतील, म्हणून पहिल्या दिवसापासून रोजच्या मराठीत आणि हिंदीत केस लिहायची सवय कर. मराठीत वाचायलाही आहे: कि. मो. फडके यांनी एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे रुजवली आणि डॉ. अंजली जोशींनी एलिस यांच्यावर मराठीत लिहिलं. ते वाच.

बदलापूरबद्दल लिहिताना ऑगस्ट २०२४ टाळता येत नाही. एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाला, आणि २० ऑगस्टला लोक स्टेशनात रुळांवर उतरले. तू तेव्हा बारावीनंतर नुकती कॉलेजात गेली होतीस, घरी यायला गाडी नव्हती, तुला आठवत असेल. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. तक्रार वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला. लोकांचा संताप साऱ्या देशाने पाहिला. मला मात्र तेव्हापासून एकच गोष्ट सलते आहे. अशा वेळी चार वर्षांच्या मुलीजवळ बसणारं, तिला पुन्हा पुन्हा तेच सांगायला न लावणारं, तिच्या आईला धरून ठेवणारं शिकलेलं माणूस दर शाळेच्या हाकेच्या अंतरावर हवं.

ते काम करायचं तर २०१२ चा पोक्सो कायदा तुला तोंडपाठ हवा. कलम १९ प्रमाणे अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि समुपदेशक त्याला अपवाद नाही. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तू तपास करायचा नसतोस. मुलीला उत्तर सुचवेल असा प्रश्न विचारायचा नाही, तिचे शब्द तिच्याच भाषेत, जसेच्या तसे लिहून ठेवायचे. आईबाप म्हणतील, ‘नाव जाईल, राहू दे.’ त्यांच्यावर न चिडता कायदा सांगायचा आणि पोलीस ठाण्यात त्यांच्यासोबत जायचं. कुठल्या अभ्यासक्रमात हे प्रत्यक्ष शिकवतात, ते आवर्जून विचार. त्याबरोबर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही वाच. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरून चालावं आणि तिला शिक्षा करू नये, असं त्याचं कलम ११५ सांगतं. घाबरलेल्या कुटुंबाला ही एक माहिती केवढा धीर देते!

दादाच्या काळजीचं उत्तर. त्याला सांग, २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सुकदेव साहा’ प्रकरणात निर्देश दिले की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका मुलीचा मृत्यू झाला, त्या खटल्यातला हा निकाल. आपल्या तीन गावांत अशा शाळा, कॉलेजं आणि क्लासेस किती आहेत ते दादानेच मोजावं. अंमलबजावणी रखडेल, काही ठिकाणी पीटीच्या सरांनाच समुपदेशक म्हणून दाखवतील, हेही मी लपवत नाही. पण जागा निर्माण होत आहेत. शिवाय सरकारी रुग्णालयांत एचआयव्ही तपासणी केंद्रांवर समुपदेशक असतात, किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत, कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात, ‘टेलिमानस’ हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलणारी माणसं लागतात. यातल्या काही जागांना मानसशास्त्राऐवजी समाजकार्याची पदवी लागते आणि पुष्कळशा कंत्राटी असतात. जाहिरात नीट वाचायची. पहिली तीन-चार वर्षं पैसे बेताचे मिळतील, हे दादाला आत्ताच सांगून टाक. नंतर कळलं तर तो दुखावेल.

तुझ्या स्वतःबद्दल एवढंच. आपल्या गावात तुझा क्लायंट तुला महिलांच्या डब्यात भेटेल, भाजीच्या गाडीवर भेटेल. त्याने ओळख दाखवली तर दाखव, नाहीतर आपण पुढे जायचं. नातेवाइकांची, मैत्रिणींची केस घ्यायची नाही, कितीही गळ घातली तरी. दुसऱ्याचा फोन नंबर द्यायचा. आणि शिकताना तूही कुणाकडे तरी क्लायंट म्हणून जा, आपल्या शिक्षकांकडे नाही, बाहेरच्या कुणाकडे. आजोबा गेले तेव्हा तू रडली नाहीस, सगळ्यांना चहा करून देत राहिलीस. त्या दुःखाशी तुझी नीट गाठ पडली नाही, तर शोक घेऊन आलेल्या पहिल्याच माणसाला तू चहा विचारून मोकळी होशील. याबद्दल मला तुझी काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहिलं.

प्रवेशाला वेळ आहे तोवर रोज रात्री एक सवय लाव. दिवसभरातलं कुणाशी तरी झालेलं पाच मिनिटांचं बोलणं आठवून शब्दशः लिहून काढ, त्यांचं एक वाक्य, तुझं एक वाक्य. नाव लिहायचं नाही. तू कुठे मध्येच तोडलंस, कुठे सल्ला दिलास, तिथे खूण कर. मग कागद फाडून टाक, मलाही दाखवू नकोस. तो मजकूर दुसऱ्या कुणाचा तरी आहे. महिनाभराने खुणा कमी झाल्या की वाढल्या, एवढंच मला कळव. दादाशी मी रविवारी फोनवर बोलते.

तुझी,
आत्या